पाण्याची चव आणि पाण्याचा गुण

वाशीमकडील घरांतून अलीकडे एक तक्रार आमच्या कानीं येते : जलशुद्धीचें यंत्र आलें आणि पाण्याची गोडी गेली. वडील मंडळी विहिरीचेंच पाणी मागतात. सूनबाई मुलांस यंत्राचें देतात. दोन्ही पक्षांचा हेतु चांगला आहे. पण दोघेही निवाडा जिभेकडून मागतात, हें आम्हांस मान्य नाहीं.

हा प्रदेश काळ्या बेसॉल्ट खडकाचा. त्याच्या भेगांतून झिरपणारें पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन विहिरींत उतरतें. तीच त्याची चव; डाळ लवकर न शिजणें हाही त्याचाच परिणाम. आर. ओ. यंत्राचा सूक्ष्म पडदा बहुतेक क्षार अडवितो, म्हणून तें पाणी अळणी लागतें. कोळशाचा फिल्टर क्षारांस हात लावीत नाहीं. एकबुर्जी धरणावरून वाशीम शहरास येणाऱ्या नळाच्या पाण्यास क्लोरिनचा वास असल्यास तेवढा काढतो. अतिनील किरणांच्या दिव्यानें जंतु मरतात, चव तीच राहते. उकळलेलें पाणी बेचव लागतें, कारण त्यांतील हवा निघून जाते. निवल्यावर दोन भांड्यांत उंचावरून ओतल्यास चव सुधारते.

परंतु खतें व शौचकूपांचा झिरपा यांमुळें विहिरींत जें नायट्रेट उतरतें, तें जिभेस कळत नाहीं. २०१२ च्या भारतीय मानकानें त्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ठरविली आहे. वरच्या दुधावरील तान्ह्या मुलास तें विशेष घातक. रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति त्यानें घटते. तें उकळण्यानें, कोळशानें वा किरणांनीं जात नाहीं; आर. ओ.नें बरेंचसें जातें. उलटपक्षीं, एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आंत असून दुसरा दोष नसेल, तर आर. ओ. केवळ गोडी घालवितें आणि पुष्कळ पाणी मोरींत सोडतें. उन्हाळ्यांत पाण्याची ओढ सोसणाऱ्या घरांस ही उधळपट्टी परवडणारी नव्हे.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं पाणी सरकारी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. पावसाळ्यानंतर पुन्हां तपासावें. विहीर निर्दोष ठरली, तर वडिलांनीं तेंच पाणी सुखानें प्यावें. न ठरली, तर सूनबाईंचा शब्द मानावा आणि यंत्राचें पाणी स्वच्छ माठांत भरून ठेवावें. गार पाण्याचा अळणीपणा फारसा जाणवत नाहीं, आणि घरांतील तान्हें मूल सुरक्षित राहतें.