विश्लेषण : जुना होम कॉम्प्युटर नव्या टीव्हीवर का दिसत नाही?

माळ्यावरच्या खोक्यातून १९८०च्या दशकातला होम कॉम्प्युटर निघतो. हौसेने टीव्हीला जोडला जातो आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ झळकते. मग ‘बिघडला’ म्हणून तो भंगारात जातो किंवा लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला जातो. दोन्हींत घाई आहे.

ही यंत्रे कोणती?

१९८१ साली ब्रिटनमध्ये आलेला बीबीसी मायक्रो ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून भारतीय शाळांतही पोहोचला होता. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ‘प्लस’ आवृत्ती पुढे परवान्याने भारतात विकली गेली.

नेमके अडते कुठे?

वेगळा मॉनिटर परवडत नसल्याने घरचा टीव्ही हाच पडदा होता. म्हणून स्पेक्ट्रम एखाद्या छोट्या प्रक्षेपण केंद्रासारखा यूएचएफ चॅनेल ३६वर सिग्नल देतो. टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसेल, तर तो चॅनेल कितीही शोधला तरी सापडणार नाही. दुसरी अडचण चित्राची. जुन्या टीव्ही प्रसारणात ६२५ रेषांपैकी सम आणि विषम रेषा आळीपाळीने येत. स्पेक्ट्रम मात्र सेकंदाला सुमारे ५० वेळा त्याच ३१२ रेषा पाठवतो. जुन्या पिक्चर ट्यूबला ते चालत असे. काही नवे टीव्ही हा सिग्नल नाकारतात किंवा चित्र थरथरते.

आधी काय तपासावे?

वीजपुरवठा. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये ऋण टोक मध्यभागी असते, आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या उलट. कमोडोर ६४चा जुना पुरवठा बिघडला, तर ५ व्होल्टपेक्षा जास्त दाब देऊन मेमरी चिप जाळू शकतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय बटण दाबू नये.

मग जोडायचे कसे?

ट्यूनर असलेला जुना व्हीसीआर चॅनेल ३६ पकडून एव्ही सॉकेटमधून टीव्हीला चित्र देऊ शकतो. टीव्हीला एव्ही नसेल, तर मध्ये एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो. स्वस्त कन्व्हर्टर अनेकदा चित्र उशिरा दाखवतात. कळ दाबल्यावर गेममधला गडी क्षणभराने उडी मारतो. बीबीसी मायक्रोत आरजीबी सॉकेट असल्याने रेषा दुप्पट करणारा स्कॅन कन्व्हर्टर जोडता येतो. तो महाग असतो, पण चित्र स्पष्ट आणि जवळपास विनाविलंब मिळते.

यंत्र उघडावे का?

स्पेक्ट्रमच्या मॉड्युलेटरला बगल देऊन थेट कॉम्पोझिट सिग्नल काढण्याची युक्ती लोकप्रिय आहे, आणि त्याने चित्र सुधारतेही. पण चाळिशी गाठलेल्या सर्किट बोर्डवर नवख्या हाताने डाग दिला, तर तांब्याची रेघच उखडू शकते. हे काम जाणकाराकडे द्यावे, तेही बाहेरचे उपाय संपल्यावर. टीव्ही काही वर्षांनी पुन्हा बदलेल. मूळ यंत्र पुन्हा मिळणार नाही. बदल करायचाच, तर तो मधल्या डबीत व्हावा.