बॅकअप आहे, पण परत उतरतो का?

आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांची खतावणी आता टॅलीत गेली आहे. रात्री दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला की हिशेब सुखरूप, अशी समजूत आहे. आम्हाला ती पटत नाही.

गिटलॅब ही तर संगणकाचाच धंदा करणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथे एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, पण एकीवरही भरवसा ठेवता येईना. रोजचा बॅकअप तर होतच नव्हता आणि कोणाला पत्ताही नव्हता! सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत योगायोगाने सापडली. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. आपल्याकडे तर एकटे मुनीमजी!

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करावा आणि रोख शिल्लक, शेवटची बिले व चार-दोन गिऱ्हाइकांची उधारी ताडून पाहावी. चालू कंपनीच्या फोल्डरवर मात्र कदापि उतरवू नये. जुना हिशेब नव्यावर चढतो.

पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवणेही बरे नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तशी वेळ आली तर संगणक आणि पेनड्राइव्ह दोन्ही जातील. एक प्रत घरी असावी. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड फक्त मुनीमजींना ठाऊक असेल, तर मालकाने तो आजच लिहून घ्यावा. विसरला तर परत मिळत नाही.