खरें आकाश कोणतें?

हल्लीं सुशिक्षित मंडळींत एक मत वरचेवर ऐकूं येतें. हौशी लोक दुर्बिणीस कॅमेरा जोडून तेजोमेघांचीं व दीर्घिकांचीं छायाचित्रें काढतात, तीं पाहून कोणी तरी हटकून म्हणतो, "सुंदर आहे, पण खरें नव्हे, हें संगणकावर केलेलें आहे." गेल्या महिन्यांत माझ्याच घरीं एका विद्वान स्नेह्यांनीं हा निकाल दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, कॅमेऱ्यांतून जसें निघालें तसेंच चित्र प्रामाणिक. त्यास मागाहून हात लागला कीं तें विटाळलें. हें सोंवळें मला मान्य नाहीं. हें मत वाटतें तितकें निरुपद्रवीही नाहीं. ज्या थोड्या शास्त्रांत सामान्य गृहस्थाला अद्यापि खरी भर घालतां येते, त्यांपैकीं एकाच्या मुळावर तें येणारें आहे.

मुळांत, कॅमेऱ्यांतून निघतें तें आकाश, ही समजूतच चुकीची आहे. कॅमेऱ्यांतील संवेदकावर प्रकाश पडला कीं विद्युत्कण सुटतात व त्यांची मोजदाद होते. परंतु ते उष्णतेनेंही सुटतात. पूर्ण काळोखांतही सुटतात. संवेदकाचें तपमान सुमारें ६ अंशांनीं वाढलें कीं हा खोटा उजेड जवळजवळ दुप्पट होतो. आपल्याकडील वैशाखांतल्या रात्रीं साध्या कॅमेऱ्यानें ५ मिनिटांचें चित्र घ्यावें, तर आकाशांत कोठेंही नसलेले तांबडे-निळे तारे त्यांत सडा शिंपल्यासारखे पसरलेले दिसतात. शिवाय भिंगांच्या रचनेमुळें चित्राचे कोपरे काळवंडतात, आणि संवेदकाजवळच्या कांचेवर बसलेला धुळीचा कण वर्तुळाकार डाग उमटवितो. आमचे स्नेही ज्याला निर्मळ चित्र म्हणतात, त्यांत आकाश आणि यंत्राचे दोष असे कालवलेले असतात.

दक्ष हौशी माणूस ह्यावर काय करतो? दुर्बिणीला झांकण लावून, तितकाच वेळ व तितक्याच तपमानांत, वीस-तीस काळीं चित्रें घेतो. ह्यांस डार्क फ्रेम म्हणतात. त्यांची सरासरी मूळ चित्रांतून वजा केली कीं ते खोटे तारे जातात. मग दुर्बिणीच्या तोंडावर पांढरें वस्त्र ताणून, सर्वत्र सारख्या उजेडाचीं चित्रें घेतो. त्या फ्लॅट फ्रेम. त्यांनीं मूळ चित्रास भागलें कीं कोपरे व डाग सुधारतात. शेवटीं एकाच भागाचीं पुष्कळ चित्रें एकावर एक रचतो. १६ चित्रांची सरासरी घेतली तर उरलेली खरखर चौथाईवर येते, आणि एखाद्याच चित्रांत आलेली उपग्रहाची रेघ बाकीच्यांच्या साक्षीवरून बाद होते. ह्या सर्वांत कल्पनेनें घातलेला एक ठिपकाही नाहीं. वाणी तेल तोलण्यापूर्वीं रिकाम्या भांड्याचा धडा करतो, म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. न करील त्यालाच म्हणतात.

धडा न केल्याची अद्दल मला स्वतःला घडलेली आहे. एकदां कोंकणांत, अंवसेच्या रात्रीं, एका दीर्घिकेच्या शेजारीं मला एक पुसट कडें दिसलें. फ्लॅट फ्रेम घेण्याचा आळस केला होता. पण घरच्या मंडळींना उठवून तें कडें दाखविण्याचा आळस मात्र केला नाहीं! दुसऱ्या रात्रीं अगदीं निराळ्या दिशेचें चित्र घेतलें, तों तेंच कडें चित्राच्या त्याच कोपऱ्यांत हजर. तो धुळीचा कण होता.

आतां स्नेह्यांच्या शंकेंत कांहींच तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. खोटीं चित्रें आहेतच. पण तीं त्यांना वाटतात तीं नव्हेत. १९९५ सालीं हबल दुर्बिणीनें घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या जगप्रसिद्ध चित्रांत गंधकाच्या प्रकाशास तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशास हिरवा व ऑक्सिजनच्या प्रकाशास निळा रंग दिलेला आहे. हा संकेत उघड सांगितलेला आहे. नकाशांत पुणें जिल्हा पिवळा रंगविला, म्हणून तेथील माती पिवळी आहे असें कोणी समजतो काय? उलट २०२३ च्या मार्च महिन्यांत एका गृहस्थानें चंद्राचें मुद्दाम अस्पष्ट केलेलें चित्र पडद्यावर ठेवून त्याचा एका नामांकित फोननें फोटो काढला, तेव्हां मूळ चित्रांत नसलेले बारकावे त्या फोटोंत अवतरले. यंत्रानें पूर्वीं पुष्कळ चंद्र पाहिले होते. त्या आठवणीवर त्यानें हा चंद्र सजविला. आमच्या स्नेह्यांनीं त्या संध्याकाळीं स्वतःच्या फोनवरचा चंद्र मला मोठ्या कौतुकानें दाखविला, आणि त्यास हात लावलेला नाहीं अशी ग्वाहीही दिली. त्यांनीं लावला नव्हता, हें मला मान्य आहे.

तेव्हां विचारावयाचें तें चित्र संगणकावर गेलें कीं नाहीं हें नव्हे. त्यावर केलेल्या प्रत्येक क्रियेमागें त्या कॅमेऱ्याचें प्रत्यक्ष मोजमाप, किंवा निदान उघड सांगितलेला नियम, आहे कीं कोणाची तरी अटकळ, हें विचारावयाचें. अटकळ माणसाची असली तरी तीच गत. पर्सिव्हल लॉवेल ह्यांनीं १८९४ पासून मंगळावर कालवे रेखाटले. त्यांच्या डोळ्यांनीं पुसट ठिपके जोडून रेघा केल्या होत्या. १९६५ सालीं मरिनर ४ हें यान मंगळाजवळून गेलें. त्याच्या चित्रांत कालवा नव्हता.

ह्या काटेकोरपणानें काय साधतें, ह्याचें उत्तर देवयानी दीर्घिकेजवळ आहे. १८८८ सालीं आयझॅक रॉबर्ट्स ह्यांनीं तिचें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, व तेव्हांपासून तिचीं असंख्य चित्रें निघालीं. तरी २०२२ सालीं मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रॉटनर व यान सेंटी ह्या तिघां हौशी निरीक्षकांना, अवघ्या १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीनें, ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक प्रचंड कमान तिच्या शेजारीं सांपडली! लांबी सुमारें दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्र ओळीनें ठेवावेत इतकी. आणि आजवर कोणीं पाहिलेली नव्हती. हा यंत्राचा दोष तर नव्हे, अशी शंका प्रथम येणारच; म्हणून दुसऱ्या दुर्बिणींनीं पडताळा घेतला गेला, आणि २०२३ सालीं व्यावसायिक शास्त्रज्ञांसह हा शोध प्रसिद्ध झाला. स्नेह्यांच्या "हात न लावलेल्या" चित्रांत ही कमान खरखरींत बुडाली असती. जुन्या चित्रांवर शिकलेल्या यंत्रानें ती कचरा म्हणून पुसली असती तरी नवल नव्हतें, कारण जुन्या चित्रांत ती नव्हतीच.

आकाशचित्रांचीं प्रदर्शनें आतां गांवोगांव भरतात. तीं भरविणारांनीं प्रत्येक चित्राखालीं किती चित्रें, किती वेळ, डार्क व फ्लॅट किती, आणि शिकविलेल्या यंत्राची मदत घेतली असल्यास कोणत्या ठिकाणीं, इतकें तरी लिहवून घ्यावें. चार ओळींचें काम आहे.