मैदानावरची डॉक्टरेट

७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये, ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी, विनेश फोगटचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. दोष कुणाचा, यावर देशभर वाद रंगला. त्या गदारोळात शास्त्रीय प्रश्न मागे पडला. ऑलिंपिक कुस्तीत वजन दोन दिवस, दोन्ही सकाळी होते. पहिले वजन झाले की शरीरातले पाणी आणि ऊर्जा भरून काढायची, दिवसभर लढती खेळायच्या आणि रात्रीत वजन पुन्हा उतरवायचे. अशा वेळी एका विशिष्ट खेळाडूला किती पाणी, किती मीठ, किती अन्न द्यावे? आणि मुळात तिने त्या वजनगटात उतरावे का? वीस महाविद्यालयीन तरुणांना प्रयोगशाळेत सायकल चालवायला लावून याचे पुरते उत्तर मिळत नाही.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने यजमानपदाची इच्छा कळवली आहे. मैदाने, निधी आणि पदकांची चर्चा जोरात आहे. खेळाडूच्या शरीराविषयी रोज निर्णय घेणारी, तरीही संशोधनाची शिस्त अंगी असलेली माणसे कुठे घडणार, याची चर्चा फारशी नाही.

ज्ञान असणे आणि ते मैदानावर पोचणे यात किती अंतर आहे, याचे उदाहरण फुटबॉलमध्ये सापडते. धावताना मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू दुखावणे ही तिथली नित्याची दुखापत. त्यावर एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड हळूहळू पुढे झुकवत न्यायचे. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्या गटात १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. एवढा स्पष्ट पुरावा क्रीडाविज्ञानात क्वचितच मिळतो. तरीही चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेतल्या ५० क्लबांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा, तपासलेल्या १५० हंगामांपैकी फक्त १६ हंगामांत हा कार्यक्रम पूर्णपणे पाळलेला आढळला.

असे का व्हावे? या व्यायामाची सवय नसेल तर नंतर दोन-तीन दिवस मांड्या दुखतात. आठवड्यात दोन सामने असतील तर तो बसवायचा कुठल्या दिवशी? प्रशिक्षकाला कोण पटवणार? कंटाळलेल्या खेळाडूकडून तो करवून कसा घ्यायचा? हे प्रश्न संघात वावरणाऱ्यालाच पडतात आणि त्यांचा अभ्यासही तिथेच राहून करावा लागतो.

यासाठीच ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात उपयोजित डॉक्टरेटचा मार्ग रुळला. लिव्हरपूल जॉन मूर्ससारख्या विद्यापीठांत क्रीडा आणि व्यायाम विज्ञानाची व्यावसायिक डॉक्टरेट आहे. इथला विद्यार्थी क्लबमध्ये, अकादमीत किंवा आरोग्यसेवेत प्रत्यक्ष काम करत शिकतो. एकाच जाडजूड प्रबंधाऐवजी तो कामाचा संच सादर करतो. त्यात संशोधन असते, हाताळलेल्या खेळाडूंच्या केसेस असतात, कामाची नोंदवही असते आणि आपले निर्णय का बरोबर आले किंवा का चुकले याची चिकित्सा असते. दुसरा प्रकार नेहमीच्या पीएच.डी.चाच, पण विद्यार्थी संघात मुक्कामाला असतो आणि खर्चाचा वाटा संघही उचलतो. सिडनीचे संशोधक आरन कूट्स यांनी २०१६ मध्ये या मांडणीचे वर्णन ‘जलद’ आणि ‘संथ’ काम असे केले. प्रशिक्षकाला उत्तर आज संध्याकाळी हवे असते. ते उत्तर ज्यावर उभे आहे ते तपासायला मात्र वर्षे लागतात. संघातल्या संशोधकाला दोन्ही चाली सांभाळाव्या लागतात.

इथे मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. आपल्याकडच्या रूढ कल्पनेतला ‘गाइड’ प्रकरणे तपासतो आणि सही करतो. उपयोजित डॉक्टरेटमध्ये तेवढ्याने भागत नाही. संघाची घाई विद्यार्थ्याचा प्रश्न गिळून टाकणार नाही, हे त्याला पाहावे लागते. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलतो आणि नवा प्रशिक्षक मोजमापे बंद करतो. सहा खेळाडूंपैकी दोघे जायबंदी होतात. अशा वेळी एकाच खेळाडूची अनेक महिने वारंवार मोजमापे घेण्याची पद्धत उपयोगी पडते. पण त्यासाठी उपकरणाची चूक किती आणि खरा बदल किती, हे वेगळे करता यायला हवे. निष्कर्ष संघाला गैरसोयीचा निघाला तर तो छापायचा की नाही, हेही सुरुवातीलाच लेखी ठरवावे लागते. निकाल हाती आल्यावर अशी बोलणी सहसा होत नाहीत.

सर्वांत नाजूक मुद्दा संमतीचा. संशोधक संघाचाच कर्मचारी असेल आणि निवड समितीच्या शेजारी बसत असेल, तर खेळाडू ‘नाही’ म्हणेल का? मासिक पाळी, झोप, मानसिक ताण यांची माहिती उपचारासाठी देणे वेगळे आणि संशोधनासाठी देणे वेगळे. कमी खाऊन वजन राखणाऱ्या मुलीची पाळी थांबणे हे शरीरात ऊर्जा कमी पडत असल्याचे, पुढे हाडे कमकुवत होण्याचे लक्षण असू शकते. ही माहिती संघनिवडीच्या टेबलावर पोचणार अशी शंका आली, की ती लपवली जाईल. मग संशोधन तर फसेलच, उपचारही हुकेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्या व्यक्तींच्या संमतीबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर पालकांच्या संमतीबरोबर मुलांचा स्वतःचा होकारही लागतो. नकार देणाऱ्याचे नाव प्रशिक्षकापर्यंत पोचणार नाही, ही व्यवस्था मार्गदर्शकानेच लावायची असते.

आपल्याकडे यासाठी जागा आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची आहे. बाहेरच्या जाणकाराला सहमार्गदर्शक म्हणून घेता येते. म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत किंवा बालेवाडीत काम करणारा फिजिओथेरपिस्ट नोकरी सांभाळून संशोधन करू शकतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण आहे. महाराष्ट्राने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदाही केला आहे. कमतरता आहे ती मूल्यमापनाच्या चौकटीची. कामाची नोंदवही, केसेस आणि घेतलेल्या निर्णयांची चिकित्सा यांना प्रबंधाच्या तोडीचे मोल देणारी चौकट रुजलेली नाही. परिणामी मैदानावर वीस वर्षे घालवलेला माणूस पदवीसाठी प्रश्नावल्या वाटत फिरतो आणि त्याचे खरे ज्ञान प्रबंधाबाहेरच राहते.

पदवी स्वस्त करणे हा यावरचा इलाज नव्हे. नोंदवहीच्या नावाखाली नुसता अनुभव मोजला गेला तर डॉक्टरेटची आणखी एक पळवाट तयार होईल. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक विद्यापीठातला आणि एक मैदानावरचा असावा. माहितीची मालकी आणि प्रसिद्धीचा हक्क यांचा करार प्रवेशाच्या वेळीच व्हावा. नैतिकता समितीत संघाशी हितसंबंध नसलेला डॉक्टर असावा. परीक्षकांनी प्रबंधाच्या पानांबरोबर एवढे विचारावे, की या कामामुळे खेळाडूंच्या दिनक्रमात नेमके काय बदलले आणि कुणाला अपाय झाला का. या दोन प्रश्नांना नोंदींसह उत्तर देणारे शंभर तरुण पुढच्या दहा वर्षांत तयार झाले, तर वजनाच्या काट्यावर उभी राहणारी मुलगी आपल्या सल्लागारांवर अधिक विश्वास ठेवू शकेल.