आजोबांच्या फोटोतलं विमान



आपल्या ग्वाल्हेरच्या मुलांना विमानांचं फारसं नवल नाही. महाराजपुऱ्याहून मिराज उठलं की दौलतगंजातल्या गच्चीवर पापडांची राखण करणारं पोरगंही मान वर न करता सांगतं, "मिराज." मान वर केलीच, तर पंखांचा त्रिकोण दिसतो आणि मागे आडव्या शेपटीचा पत्ता नसतो, एवढ्यावरून ते ओळखतं. कुणी शिकवलेलं नसतं. १९८५ पासून ही विमानं आपल्याकडे आहेत, त्यामुळे दोन पिढ्यांचे कान-डोळे आपोआप तयार झाले.

त्याच पोरापुढे आजोबांच्या अल्बममधला सत्तर वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा फोटो ठेवा. पंख्याचं एक छोटं विमान, शेजारी खाकीतला तरुण. पोरगं म्हणतं, "कुठलंतरी जुनं विमान." घरातले मोठे लगेच सांगतात, "अरे, स्पिटफायर आहे ते!" वनस्पती तूप म्हटलं की जसं डालडा, तसं पंख्याचं लष्करी विमान म्हटलं की आपल्या घरांत स्पिटफायर.

असे फोटो आपल्याकडे कमी नाहीत. आपलं लश्कर हे गावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभं राहिलेलं. फौजेची नोकरी आपल्या लोकांना कधी परकी वाटली नाही. म्हणून या महिन्यात अल्बममधली विमानं कशी ओळखायची ते पाहू.

निमित्त एका फोटोचं आहे. आपल्याच समाजातल्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीनं तो मोबाइलवर पाठवला. तिच्या आजोबांची जन्मशताब्दी दौलतगंजातल्या जुन्या घरी करायची ठरली होती. फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा आणि खाली लिहायचं, "स्पिटफायरचे वैमानिक". "काका, तेवढं साल सांगा," ती म्हणाली, "छापायला द्यायचंय."

साल सांगायचं तर आधी विमान ओळखायला हवं. त्यासाठी माझा एकच नियम आहे, आकार आधी आणि रंग मागाहून. रंग, आकडे, चिन्हं कुणीही बदलू शकतं. संग्रहालयातली आणि चौकाचौकांत उभी केलेली विमानं तर किती वेळा रंगवली जातात! पंख कुठे जोडलेत, इंजिन कसं आहे, माणसं किती आणि कशी बसतात, हे मात्र ब्रशने बदलत नाही.

पहिला प्रश्न पंखांचा. एकावर एक असे दोन पंख, उघडी दोन कॉकपिट एकामागे एक, चाकं कायम बाहेर आणि वरच्या पंखाच्या मधोमध फुगीर टाकी असेल, तर ते बहुधा टायगर मॉथ. १९३१ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालेलं हे शिकाऊ विमान आपल्याकडेही खूप वापरलं गेलं. एक गंमत लक्षात ठेवा. टायगर मॉथमध्ये एकटाच माणूस उडत असेल तर तो मागच्या जागेवर बसतो. पुढची जागा रिकामी दिसली म्हणून "चालक कुठे गेला?" असं विचारू नका.

पंख एकच, पण केबिनच्या वर बसवलेला आणि खालून तिरक्या दांड्यांचा आधार असेल, तर ऑस्टर किंवा आपलं कृषक आठवा. पंख वर असण्याला कारण आहे. बसलेल्याला खालची जमीन मोकळी दिसावी. तोफांचे गोळे कुठे पडताहेत ते वरून पाहून कळवायचं, हे त्यांचं काम. ही विमानं चालवणारे अधिकारी तोफखान्यातले असत. तेव्हा "आजोबा तोफखान्यात होते, मग विमानाशेजारी कसे?" या कोड्याचं उत्तर कधी कधी पंखाच्या जागेवरच मिळतं.

कृषकची आणखी एक मौज. नाव शेतकऱ्याचं, नोकरी लष्कराची! ते बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या पुष्पक या छोट्या विमानावरून वाढवलेलं. पुष्पक दोन माणसांचं आणि फ्लाइंग क्लबांत शिकण्यासाठी वापरलेलं, कृषकमध्ये तिसऱ्याचीही सोय. दोघांत घोटाळा झाला तर अंगावरची अक्षरं बघा. 'व्हीटी' आणि पुढे आडवी रेघ असेल तर ती भारतातली मुलकी नोंदणी. गोल लष्करी चिन्ह आणि आकडे असतील तर विमान सैन्याचं.

पंख एकच आणि खालच्या बाजूला असेल, तर नाकाकडे बघा. नाक गोल, मोठ्या डब्याच्या तोंडासारखं असेल तर आत इंजिनाचे सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात. नाक अरुंद असेल तर ते ओळीत असतात. गोल नाक, दोन माणसं एकामागे एक आणि त्यांच्यावर चौकटी-चौकटींचं लांबलचक काचेचं छप्पर असेल, तर ते अमेरिकन बांधणीचं हार्वर्ड. वैमानिकांचं पुढच्या टप्प्याचं शिक्षण यावर होई. अरुंद नाक, चाकं कायम बाहेर आणि दोन माणसं एकामागे एक असतील, तर ते एचटी-२ असू शकतं. ते कॅनडाच्या चिपमंकसारखं दिसतं, म्हणून लांबून घोटाळा होतो.

या एचटी-२ जवळ मराठी माणसानं जरा थांबावं. ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेलं हे विमान म्हणजे स्वतंत्र भारतानं स्वतः आराखडा करून बांधलेलं पहिलं शिकाऊ विमान. त्याचे मुख्य रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. पुढे किरण या जेट शिकाऊ विमानाची रचनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. घाना देशानं हवाई दल उभं केलं तेव्हा त्यांच्या मुलांनीही एचटी-२ वरच धडे गिरवले. आपल्या शाळांमधल्या किती मुलांना घाटग्यांचं नाव ठाऊक असेल?

आता त्या मुलीच्या फोटोकडे येऊ. पंख खाली, नाक गोल, काचेचं छप्पर लांब आणि त्याखाली दोन जागा. स्पिटफायर लढाऊ विमान, सहसा एकाच माणसाचं. त्याचं नाक लांब, निमुळतं आणि पंखांची कड कमानीसारखी वळलेली. म्हणजे स्पिटफायर तिथेच बाद झालं. फोटोतलं विमान हार्वर्ड होतं.

आकार झाला की मग रंगाची पाळी. विमानाच्या अंगावर पुसट 'एचटी' दिसत होतं, पुढचे आकडे कुणाच्या तरी खांद्याआड गेले होते. इथे नवशिका हमखास फसतो. 'एचटी' वाचलं की त्याला एचटी-२ वाटतं. पण ती विमानाच्या नावातली अक्षरं, आणि ही हवाई दलाच्या नोंदणीतली. स्वातंत्र्याच्या सुमाराच्या पद्धतीत हार्वर्डना 'एचटी', टायगर मॉथना 'एचयू', स्पिटफायरना 'एचएस' आणि लिबरेटर बॉम्बफेकी विमानांना 'एचई' अशी अक्षरं होती. हवाई दलानं जपलेलं हार्वर्ड एचटी २९१ आणि टायगर मॉथ एचयू ५१२ यांच्या अंगावर ती आजही वाचता येतात.

साल काढायला सगळ्यात उपयोगी पडतं ते गोल चिन्ह. ब्रिटिश काळात बाहेर निळं, मग पांढरं आणि मध्ये लाल अशी मूळ रचना होती. जपानशी युद्ध पेटलं आणि हा लाल ठिपका घातक ठरू लागला, कारण जपानचं चिन्ह म्हणजे लाल गोळाच. म्हणून १९४२ नंतर या भागातल्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला, निळं आणि फिकट एवढंच उरलं. स्वातंत्र्यानंतर अशोकचक्र आलं. १९५० साली प्रजासत्ताक झालो तेव्हा बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं असं आजचं तिरंगी चिन्ह आलं.

पण काळ्या-पांढऱ्या फोटोत केशरी आणि हिरवं दोन्ही करडेच दिसतात. त्यातून जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळाकुट्ट उमटे. पिवळाही गडद येई आणि निळा उलट फिकट. म्हणून पिवळं शिकाऊ विमान फोटोत गडद दिसलं तरी दचकू नये. रंगाचा अंदाज करण्यापेक्षा कडी मोजावीत, त्यांची रुंदी पाहावी, चक्राचे आरे दिसतात का ते बघावं. आपल्या फोटोत आरे नव्हते. करडं कडं, पांढरं कडं, आत करडा गोल. म्हणजे फोटो १९५० किंवा त्यानंतरचा.

शेवटी माणूस. वैमानिकाच्या छातीवर डाव्या खिशाच्या वर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतात. विमानातल्या इतर कर्मचाऱ्यांना एकाच बाजूचा पंख. (तो बिल्ला उजव्या छातीवर दिसला तर फोटो उलटा छापलाय असं समजा, शर्टाच्या काजपट्टीवरून खात्री करा.) आजोबांच्या छातीवर काहीच नव्हतं. बाहीवर मात्र विमानाच्या पंख्याची दोन पाती आडवी शिवलेली होती. ही खूण लीडिंग एअरक्राफ्ट्समनची, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या माणसाची.

मी तिला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, आम्ही शाळेत निबंध लिहिलेत हो यावर." मोठ्या काकांना तर पटेचना. "इतकी वर्षं सगळ्या गावाला सांगितलं, आता लोकांना काय सांगू? आहे तेच छापा." त्यांचंही खरं होतं. त्यांच्या लहानपणीचे वडील कुणी त्यांच्या हातून काढून घ्यावेत, तसं झालं होतं ते.

शेवटी आजींना विचारायचं ठरलं. त्या नव्वदीच्या पुढे आहेत, पण बोलणं खणखणीत. त्या म्हणाल्या, "चालवायचे असं कोण म्हणालं तुम्हाला? ते म्हणायचे, 'माझं विमान'. माझं विमान वर गेलंय, माझं विमान उतरलं की मगच जेवेन. इंजिनवाले होते ते."

'माझं विमान' या दोन शब्दांचा नातवंडांपर्यंत येता येता वैमानिक झाला होता. आजोबा खोटं काहीच बोलले नव्हते. हवाई दलात मेकॅनिक आपल्याकडच्या विमानाला माझंच म्हणतो. विमान उडण्याआधी फॉर्म ७०० नावाच्या नोंदवहीत काम करणाऱ्याची सही होते आणि ती पाहून वैमानिक आपली सही करून विमान ताब्यात घेतो. हार्वर्डवर तर बहुतेक वेळा विशी-बाविशीतली शिकाऊ पोरं बसायची. त्यांच्याआधी सही करणारा हा माणूस विमान परत उतरेपर्यंत जेवत नसे, आणि हे घरात एकट्या आजींना माहीत होतं. स्पिटफायरच्या गोष्टीपुढे ते कुणी विचारलंच नाही.

शताब्दीच्या दिवशी फोटो लागला. खाली आम्ही एवढंच लिहिलं, "हार्वर्ड विमानाशेजारी आजोबा, भारतीय हवाई दलातील इंजिन मेकॅनिक, १९५० नंतर." नेमकं साल फोटोतून निघत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. मोठे काका फोटोपुढे बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे येऊन त्यांनी विचारलं, "ती सही ते नक्की केव्हा करायचे? रोज? प्रत्येक वेळी?"

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत अल्बम निघाला की तुम्हीही बघा. फोटो चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका. मागची बाजू मोकळी असेल तर तिचाही फोटो घ्या, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली अक्षरं तिथेच असतात. मोबाइलवर पुढे पाठवताना चित्र बारीक होतं आणि आकडे जातात, म्हणून स्कॅन करून ईमेलनं पाठवलेलं बरं. फोटो कापू नका. कडेला अर्धवट दिसणारी शेपटी किंवा चाकच कधी कधी सगळं सांगून जातं.

आणि आजी-आजोबांना विचाराल तेव्हा "हे विमान कुठलं?" असं विचारू नका, ते त्यांना आठवेलच असं नाही. "तेव्हा तुम्ही कुठे राहायचात? ते घरी किती वाजता यायचे? हाताला कसला वास यायचा?" असं विचारा. उत्तरं लगेच लिहून ठेवा आणि फोटोबरोबर तीही मला पाठवा. विमानाचं नाव आपण मिळून शोधू.