नगरात हीटर कशाला लागतो?

गेल्या जानेवारीत फजरची नमाज आटोपून आम्ही भिंगारहून गाडी काढली. अम्मींना डोळे दाखवायला संभाजीनगरला न्यायचे होते. मागच्या सीटवर अम्मी, आमची भाची आणि तिचे तीन महिन्यांचे बाळ, शेजारी बेगम. नगरचा पारा त्या दिवसांत दहाच्या खाली उतरतो. बाळासाठी सगळ्या काचा घट्ट लावल्या आणि शेंडी ओलांडेपर्यंत समोरची काच आतून पांढरी झाली.

हीटरचे बटण लाल टोकापर्यंत फिरवले. पंखा जोरात, पण वारा गारच. बेगम ओढणीने काच पुसत होत्या, दोन मिनिटांत ती पुन्हा धुरकट. इमामपूर घाटात समोर काहीतरी काळे दिसले आणि ब्रेक दाबला. उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मध्ये जेमतेम हातभर जागा उरली. अम्मी मोठ्याने दरूद पढत होत्या. बाळाला काहीच पत्ता नव्हता.

गाडी कडेला घेतली. हातपाय थरथरत होते, पण वर्गात दरवर्षी शिकवतो ते आता कुठे आठवले: आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते. आतलीच हवा फिरवणारी कळ बाहेरच्या हवेवर सरकवली, वारा समोरच्या काचेवर घेतला, एक खिडकी दोन बोटे उघडली आणि एसी लावला. बेगम म्हणाल्या, "थंडी में एसी?" एसीच्या गार नळ्यांवर हवेतला ओलावा गळून पडतो, म्हणून काच सुटते. हीटर चालू असता तर त्याच्याबरोबर एसी लावून ऊबही मिळाली असती. शालीत गुंडाळून सगळ्यांना सुखरूप पोहोचवले, अल्हमदुलिल्लाह.

परत आल्यावर हीटरच्या मागे लागलो. गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारे कूलंट तापते, त्यातले थोडे दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत येते आणि पंखा त्या जाळीवरून वारा फेकतो. म्हणून हीटर गार पडला की पहिला संशय इंजिनच्या पाण्यावर घ्यावा. कूलंट कमी असेल तर हीटर आधी गार होतो आणि इंजिन नंतर तापते. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी पाहावी. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे गेलेले असते, झाकण सुटताच ते उसळून तोंडावर येते.

आमच्या गाडीत पातळी बरोबर होती. पण पंधरा मिनिटे इंजिन चालवूनही तापमानाचा काटा तळापासून हलेना. मग इंजिन बंद करून त्या दोन पाइपांना जपून हात लावून पाहिला. (इंजिन चालू असताना ओढणी, बाही, बोटे पट्ट्यापासून लांब ठेवा.) दोन्ही पाइप गरम असून वारा गार असेल तर दोष आतल्या झडपेत किंवा तिच्या तारेत असतो. एक गरम आणि एक गार असेल तर जाळी तुंबली आहे किंवा हवा अडकली आहे. आमचे दोन्ही कोमट होते, म्हणजे इंजिनच पुरते तापत नव्हते.

भिंगारमधल्या एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचे घर उघडले आणि हसले. आत थर्मोस्टॅटच नव्हता. गाडी आम्ही जुनी घेतलेली. आधीच्या मालकाच्या कोणा मिस्त्रीने उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकला असणार. आमच्या भागात हा सर्रास इलाज आहे. आम्ही विचारले, तर उत्तर मिळाले, "सर, नगर में हीटर किसको लगता है?"

हीटर सोडा, थर्मोस्टॅट इंजिनलाच लागतो. तो मेणाने चालणारा दरवाजा आहे. पाणी साधारण ८०-९० अंशांपर्यंत तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, मग मेण फुगते आणि वाट उघडते. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त पिते आणि झिजतेही लवकर. आणि मे महिन्यात गाडी तापत असेल तर कारण बहुतेक दुसरेच असते: तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, गळती. ते तसेच झाकून राहते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी आम्ही तो शाळेत नेला. त्यावर ८२ आकडा कोरलेला. काचेच्या चंचुपात्रात पाणी घेतले, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, शेजारी तापमापी. ८२ च्या आसपास तो हळूहळू उघडू लागला तेव्हा मागच्या बाकावरची मुले टेबलाभोवती जमली. एकाने विचारले, "सर, बाहेर काढल्यावर परत बंद होईल का?" झाला.

काम एवढ्यावर संपले नाही. नवा थर्मोस्टॅट लागल्यावर काटा वर आला, एक पाइप चटका देऊ लागला आणि दुसरा गारच. हवा काढून पाहिली, फरक नाही. कूलंटऐवजी कोणीतरी वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले होते, त्याच्या क्षाराने आणि गंजाने जाळी बसली होती. मिस्त्रींनी दोन्ही पाइप सोडून उलट्या बाजूने बेताच्या दाबाने पाणी सोडले. आधी लाल चिखल, मग गढूळ, बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी आले. जोर जास्त दिला तर जुनी जाळी फुटते. ती फुटली की गाडीत गोडसर वास येतो, पायाखालचा गालिचा ओला होतो आणि काचेवर तेलकट थर बसतो. मग पुष्कळ जण दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बाद करतात. जाळी बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागतो, मजुरी जड जाते, हे आम्हालाही कळते. पण घरात म्हातारे आणि बाळ असेल तर पहाटेच्या रस्त्यासाठी तो खर्च करावा.

आता तयार कूलंटच भरतो. घरी मिसळायचे तर ऊर्धपातित पाणी घ्यावे, प्रमाण डब्यावर दिलेले असते. उरलेला डबा मात्र पोरांच्या आणि मांजरांच्या हाती लागू देऊ नका. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असते. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर ते चुकूनही भरू नये. आमचा डबा कपाटावर, कुलूप लावलेल्या पेटीत आहे.

या डिसेंबरात अम्मींची पुन्हा तारीख आहे.