भुवईवरचा सूक्ष्म व्रण आणि आपल्या कपाटातील तेलाची बाटली

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत चिकित्सा करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे गेल्या काही वर्षांत एक नवा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. भुवया विरळ झाल्या म्हणून, किंवा केवळ रेखीव दिसाव्यात म्हणून, स्त्रिया 'मायक्रोब्लेडिंग' करून घेतात. एका ओळीत बसविलेल्या अतिसूक्ष्म सुयांच्या पात्याने भुवईच्या त्वचेवर केसासारखे ओरखडे काढावयाचे आणि त्यांत रंग भरावयाचा, अशी ही क्रिया आहे. पहिल्या बैठकीनंतर साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनी, जेथे रंग धरला नाही तेथे पुन्हा ओरखडे काढतात. त्यास 'टच-अप' म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया या टच-अपनंतरच्या असतात. पहिल्या खेपेस पार्लरमध्ये सर्व सूचना सविस्तर दिल्या जातात, दुसऱ्या खेपेस "तुम्हाला माहीतच आहे" एवढ्यावर काम भागविले जाते. मग तिसऱ्या दिवशी कंडू सुटला की रुग्णा आपल्या पायरीवर.

गोंदण महाराष्ट्राला नवे नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ते होते, आणि गोंदणारीण काम संपवून हळद-तेल लावून मोकळी होत असे. त्या आठवणीच्या आधारेच आज आपणही हळद आणि तेल सुचवितो की काय, अशी आम्हांस शंका येते. कारण ग्रंथाच्या आधाराने सुचवीत असतो, तर आपण इतक्या घाईने काहीच सुचविले नसते.

सुश्रुतसंहितेची जी आवृत्ती आपल्या सर्वांच्या कपाटात असते, ती वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह सिद्ध केलेली आणि याच मुंबईतील निर्णयसागर छापखान्यातून निघालेली. तिच्यातील सूत्रस्थानात प्रच्छानाचे वर्णन पाहावे. शस्त्र सरळ चालवावे, एका रेषेवर दुसरी येऊ देऊ नये, रेषा सूक्ष्म आणि सारख्या असाव्यात, फार खोल नाहीत आणि फार उथळही नाहीत, आणि काम त्वरेने आटोपावे. रक्तमोक्षणासाठी सांगितलेला हा विधी भुवईवर पाते चालविणाऱ्या हातास शब्दशः लागू पडतो. रेषा उथळ राहिली तर रंग खपलीबरोबर निघून जातो. खोल गेली तर रक्त येते, रंग पसरतो आणि व्रणवस्तू उरते. शारीरस्थानात त्वचेचे सात स्तर व्रीहीच्या अंशांत मोजून दिले आहेत. ते आजच्या सूक्ष्मदर्शकाशी जुळविण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो, की त्वचेतील खोलीच्या सूक्ष्म फरकाने फल बदलते याची जाण त्या आचार्यांना होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. चिकित्सास्थानातील व्रणाच्या साठ उपक्रमांत कृष्णकर्म, पाण्डुकर्म आणि रोमसंजनन आहेत, हे खरे. पांढरा पडलेला व्रणाचा डाग काळा करण्यासाठी भल्लातकाचे स्नेह सांगितले आहे, हेही खरे. त्यावरून "मायक्रोब्लेडिंग आमच्याकडे आधीपासूनच होते" अशी वाक्ये स्नेहसंमेलनांतील भाषणांत ऐकू येतात. बिब्ब्याचे तेल कातडीवर काय करते हे ज्याने एकदा पाहिले आहे तो वैद्य ते डोळ्यापासून दोन अंगुळांवर लावण्याचा विचारही करणार नाही. भल्लातक औषधद्रव्य नियमांच्या परिशिष्ट 'ई-१' मधील विषारी द्रव्यांत आहे, ते उगाच नाही. रोमसंजननातील हस्तिदंतमषी तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता केवळ वाचण्यापुरती उरली आहे.

आता आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. मुलुंडच्या एका शिक्षिका, वय चाळिशीच्या आत-बाहेर, टच-अपनंतर तिसऱ्या दिवशी आल्या. भुवयांवर बारीक खपल्या, थोडा कंडू, त्वचा ताणल्यासारखी. पाक नाही, दाह नाही, शोथ जवळजवळ नाही. खरे तर व्रण आपल्या मार्गाने रुजत होता. परंतु रुग्णा समोर बसली आहे आणि आपण काही देत नाही, ही कल्पना वैद्यास मोठी अवघड जाते. आम्ही त्रिफळा क्वाथाने दोन वेळा धावन आणि त्यानंतर जात्यादि तेल असे लिहून दिले. चिठ्ठी लिहिण्यास अर्धे मिनिटही लागले नसेल.

चार दिवसांनी त्या परत आल्या. तेलाने खपल्या मऊ होऊन लोकलच्या गर्दीत, घामात, रुमालाच्या एका पुसण्यासरशी निघाल्या होत्या. डाव्या भुवईचा मधला भाग पांढुरका उघडा पडला होता, आसपासची त्वचा लाल होऊन तिच्यावर बारीक पुरळ उठले होते आणि वरची पापणी सुजली होती. आमच्या परिचयातील एका त्वचारोगतज्ज्ञांस दूरध्वनी केला. त्यांनी निदान सांगितले ते संपर्कजन्य त्वचाशोथाचे, आणि पहिला उपचार सांगितला तो लावलेले सर्व काही बंद करण्याचा. पंधरा दिवसांत त्वचा शांत झाली. रंगातील खंड मात्र राहिला. त्या बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पार्लरवाल्या ताईंनी काहीच लावू नका असं सांगितलं होतं, डॉक्टर. पण तुम्ही लिहून दिलंत म्हणून लावलं."

त्या रात्री आम्ही जात्यादि तेलाचा पाठ पुन्हा काढून वाचला. जाती, निंब, पटोल, करंज, हरिद्रा, दारुहरिद्रा, मंजिष्ठा, कटुकी, आणि त्यांसोबत तुत्थ. म्हणजे मोरचूद. दुष्ट, स्रावी, नाडीयुक्त व्रणासाठी ही योजना उत्तम आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या व्रणावर तिचा गुण आम्ही अनेकदा पाहिला आहे. परंतु शोधन हवे तेव्हा तुत्थ. जो व्रण मुळातच शुद्ध आहे, ज्यात शोधण्यासारखे काही नाही, त्यावर डोळ्याच्या काठाशी ताम्रयुक्त तेल लावण्याचे प्रयोजन काय? तीच गत कुंकुमादि तेलाची. वर्ण उजळावा म्हणून ज्याची ख्याती, ते नुकत्याच भरलेल्या रंगावर लावावयास सांगणे हा तर्काचा विनोद आहे, आणि तरीही उपनगरातील कितीतरी दुकानांत टच-अपनंतर तेच हाती दिले जाते. घरची हळद निर्जंतुक नसते, तिचा पिवळेपणा ताज्या व्रणात बसतो, आणि काहींना तिचीच ॲलर्जी असते. कोरफडीचे पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो तो क्षोभक आहे, हे आपण द्रव्यगुणात शिकलो. रुग्णेला सांगताना मात्र "कोरफड लावा" एवढेच सांगतो.

मग करावे काय? सुश्रुताने रुजत असलेल्या आणि सम्यक् रुजलेल्या व्रणाची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. आमच्या मते या रुग्णांत निम्मी चिकित्सा या भेदातच आहे. त्वचेशी सवर्ण, सपाट, ग्रंथिरहित, शूलरहित आणि शोथरहित होईपर्यंत व्रण रुजला असे म्हणावयाचे नाही. भुवईवर वरची खपली साधारण आठ-दहा दिवसांत जाते आणि रुग्णा मोकळी झाल्यासारखी वागू लागते. परंतु खालचे काम चार ते सहा आठवडे चालू असते. या मधल्या काळात रंग फिका, जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो, कारण नवी त्वचा त्यावर धूसर पडद्यासारखी असते. याच टप्प्यावर घाबरून स्त्रिया लगेच पुन्हा टच-अप करवितात. न रुजलेल्या व्रणावर शस्त्र चालविण्याचा हा प्रकार आपण आग्रहाने थांबविला पाहिजे. तेल देण्यापेक्षा हे एक वाक्य सांगणे अधिक उपयोगी आहे.

व्रणितोपासनीय अध्यायातील व्रण न चोळण्याचा, न टोचण्याचा, न खाजविण्याचा उपदेश येथे जसाच्या तसा लागू आहे. पहिल्या दिवशी लसिका पाझरते, ती स्वच्छ पाण्यात पिळलेल्या निर्जंतुक कापसाने हलकेच टिपावी, पुसू नये. दहा दिवस पोहणे, वाफ, प्रखर ऊन, भुवईवर प्रसाधने, आणि अर्थातच थ्रेडिंग वर्ज्य. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, रोज दोन वेळा लोकलचा प्रवास असेल तर शक्यतो टच-अपच पुढे ढकलावे. त्वचा फार ताणत असेल तर तांदळाच्या दाण्याएवढे साधे पेट्रोलियम जेली, किंवा विश्वासाने स्वच्छ बनविलेले शतधौत घृत, दिसणार नाही इतका पातळ थर. पेट्रोलियम जेलीस ग्रंथाधार नाही म्हणून कोणी आमच्यावर रागावल्यास आम्ही तो राग सोसू. सर्षप, निंबपत्र, घृत आणि लवण यांचे धूपन दिवसातून दोनदा, दहा दिवस सांगितले आहे. डोळ्याशेजारच्या व्रणास, दोन खोल्यांच्या सदनिकेत, ते कसे द्यावे हे आम्हांस सुचलेले नाही. आहाराविषयी नवधान्य, माष, तीळ, दही, गूळ अशी लांब वर्ज्ययादी या अध्यायात आहे. ती मोठ्या व्रणाच्या रुग्णासाठी आहे. ओरखड्यासाठी बाईचा पंधरा दिवसांचा डबा अवघड करू नये.

मर्मांची भीतीही घालू नये. भुवयांच्या वरच्या खोलगटीत आवर्त, दोन्हींच्या मध्ये स्थपनी, बाह्य टोकाशी अपांग, हे आपण सर्व जाणतो. त्वचेच्या वरच्या थरातील ओरखड्याने मर्मविद्ध होत नाही.

भिण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. लाली भुवईच्या बाहेर पसरू लागली, पू आला, ज्वर आला, पापणी मिटू लागली तर तो रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण कक्षात ठेवण्याचा नाही. केईएम, नायर, शीवचे लोकमान्य टिळक किंवा कूपर यांच्या त्वचाविभागात त्याच दिवशी पाठवावा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रंगाच्या रेषेवरच गाठी उठल्या तर तो 'कफज ग्रंथि' म्हणून कांचनार गुग्गुळ सुरू करण्याचा विषय नव्हे. रंगद्रव्याची ॲलर्जी, क्षयाच्या कुळातील अन्य जंतूंचा संसर्ग किंवा सार्कोइडोसिस अशा कारणांचा निर्णय त्वचेचा तुकडा तपासल्याविना होत नाही. अमेरिकेत २००३-०४ मध्ये एका प्रकारच्या स्थायी प्रसाधनाच्या रंगांविषयी दीडशेहून अधिक तक्रारी तेथील औषध प्रशासनाकडे आल्या आणि उत्पादकास ते रंग बाजारातून परत घ्यावे लागले. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे रुग्णेला बाटलीवरचे नावदेखील ठाऊक नसते. म्हणून निदान बाटलीचे छायाचित्र काढून ठेवण्यास सांगावे. सुई तिच्यासमोर नव्या वेष्टनातून काढली होती का, हेही विचारावे. उत्तर नकारार्थी किंवा संदिग्ध असेल तर हिपॅटायटिस 'बी', 'सी' आणि एचआयव्ही यांच्या चाचण्यांविषयी संकोच न करता बोलावे.

आणि एक प्रश्न, जो पार्लरमध्ये विचारला जाण्याची शक्यता नाही आणि जो विचारणे हेच आपले काम आहे. भुवया गेल्या कशाने? बाहेरचा तृतीयांश विरळ असेल तर थायरॉइड पाहावे. गोल चकंदळ असेल तर इंद्रलुप्त. दोन्ही भुवया झडत असून चेहऱ्याची त्वचा जाडसर, कानांच्या पाळ्या सुजल्यासारख्या किंवा हातपायांवर बधिर भाग असेल तर कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे. वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून या शहरात याच रोगासाठी उभे आहे. त्याचे रुग्ण केवळ पुस्तकात राहिले आहेत अशी समजूत करून घेऊ नये. वर सांगितलेल्या शिक्षिकांची बाहेरची भुवई विरळ होती. पहिल्या भेटीत आम्ही ते पाहिले, आणि तेल लिहून दिले. थायरॉइडची तपासणी दुसऱ्या भेटीनंतर झाली, आणि त्यांना औषध सुरू करावे लागले.

औषधी दुकानदार बांधवांना दोन शब्द. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, ही सोय आहे तशीच जोखीमही. 'आयुर्वेदिक आफ्टर-केअर' म्हणून डब्या येतात. त्यांवर उत्पादन परवाना क्रमांक, घटकद्रव्ये, बॅच क्रमांक आणि तारीख आहे का हे पाहिल्याखेरीज त्या फळीवर ठेवू नयेत. कंडूसाठी स्टेरॉइड-मिश्रित मलमे सहज दिली जातात. २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना परिशिष्ट 'एच'खाली आणले गेले, आणि ती चिठ्ठीशिवाय द्यावयाची नाहीत. शिवाय ताज्या व्रणावर ती रोपणास अडथळाच करतात.

आमच्या संघटनेने मराठी, गुजराती आणि हिंदीत एक पानी सूचनापत्र छापून सभासदांच्या दवाखान्यांत आणि दुकानांत ठेवावे, अशी आमची मागणी आहे. औषधांचे अनिष्ट परिणाम कळविण्यासाठी आयुष मंत्रालयाची यंत्रणा २०१८ पासून अस्तित्वात असून तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. तिचा नमुना अर्ज किती जणांनी भरला आहे? आम्ही स्वतः तो घटनेनंतर पाच महिन्यांनी भरला, आणि 'संशयित औषध' या रकान्यापुढे जात्यादि तेल लिहिताना हात थोडा अडखळला हे नाकारीत नाही.

त्या शिक्षिका गेल्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. वर्ष लोटले, रंग फिका झाला आहे, डावी भुवई नीट करून घ्यावयाची आहे. "या वेळी काय लावू?" असे त्यांनी विचारले. आम्ही थायरॉइडचा ताजा अहवाल पाहिला, भुवईवरून बोट फिरवून व्रणवस्तू कठीण नाही याची खात्री केली, पाऊस सुरू होऊन उकाडा उतरेपर्यंत थांबण्यास सांगितले, आणि चिठ्ठीवर औषधाच्या जागी 'काही नाही' असे लिहून खाली सही केली.